कोरियन फाइलची माती करण्याचे खात्रीशीर उपाय

चाकण-रांजणगाव पट्ट्यात कोरियन कंपन्यांशी ज्यांचं कामाचं देणंघेणं आहे, त्यांना सोलहून येणाऱ्या सीएसव्हीचं (साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या फाइलीचं) वेगळं वर्णन करायला नको. ‘हांगुल’ (कोरियन लिपीचं नाव) हा साधा शब्दसुद्धा आपल्याकडे शेपटीवाला सी, डोक्यावर लाट घेतलेला एन, अधिक-उणेचं चिन्ह आणि टोपीवाला यू होऊन अवतरतो. तरीही ज्यांच्या फाइली अजून धड उघडतात, अशा दुर्दैवी बांधवांसाठी हे मार्गदर्शन.

एन्कोडिंग, म्हणजे फाइलीत अक्षरं आकड्यांनी साठवायची पद्धत, कोणतं ते कुणालाही सांगू नका. विचारलंच तर “नॉर्मलच आहे” म्हणा.

शक्यतो ईयूसी-केआर हे जुनं कोरियन एन्कोडिंगच धरून ठेवा. ते ज्यावर बेतलंय त्या १९८७ च्या कोरियन मानकात हांगुलची २,३५० तयार अक्षरं आहेत. आधुनिक हांगुलमध्ये ती ११,१७२ होतात, पण एवढा हावरटपणा कशाला? ज्याच्या नावात उरलेल्या ८,८२२ पैकी एखादं अक्षर असेल, त्याने नव्याने बारसं करून घ्यावं. ही उरलेली अक्षरं मायक्रोसॉफ्टने पुढे सीपी ९४९ या आपल्या वाढीव एन्कोडिंगमध्ये भरली. म्हणून फाइल सीपी ९४९ ची आणि लेबल ईयूसी-केआरचं, ही जोडी उत्तम.

डेटाबेसमध्ये नावाला २० बाइट पुष्कळ झाले. ईयूसी-केआरमध्ये अक्षराला दोन बाइट, म्हणून १० अक्षरं मावायची; यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड या सगळ्या लिपींच्या सामाईक मानकाचं एन्कोडिंग) तीन बाइट, म्हणून ६ मावतील आणि सातवं अर्धं कापलं जाईल.

मॅकवरून फाइल पाठवा. विंडोजवर फाइलच्या नावातली कोरियन अक्षरं सुटी सुटी होऊन सांडतात, छान दिसतं.

कचरा दिसला की “फॉन्ट टाका” असं सांगा. फॉन्टने काही झालं नाही, तर सिस्टीम लोकेल (विंडोजची भाषा-प्रदेशाची सेटिंग) कोरियन करून मशीन रीस्टार्ट करायला लावा. मग प्रत्येक पाथमधल्या बॅकस्लॅशच्या जागी कोरियन वॉनचं चिन्ह दिसू लागेल. आणि लोकेल न बदलताच कुणी शहाण्याने एक्सेलच्या इम्पोर्टमधून ‘९४९ कोरियन’ निवडून अक्षरं नीट उमटवलीच, तर आमच्याकडच्या एका महाभागाने गेल्या आठवड्यात केलं तेच करा: शेअर्ड ड्राइव्हवरच्या मूळ फाइलवरच साधं सीएसव्ही म्हणून सेव्ह करा. स्क्रीनवर सगळं ठीक दिसत राहतं. बंद करून पुन्हा उघडा, सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं! आता कुठला फॉन्ट टाकता आणि कुठलं लोकेल बदलता? तिथे अक्षरच उरलेलं नाही. वर मलाच विचारतो, “तुझ्याकडे कोरियन सपोर्ट नाही का?”

अरे, १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये ही ११,१७२ अक्षरं एका ओळीने मांडून ठेवलीयत! एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय साध्या सीएसव्हीच्याच यादीत असतो, तेवढं वाचायचेही कष्ट होतात? कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइलींनी आपल्याला इतकी वर्षं छळलं, तरी दुसऱ्याच्या लिपीची वेळ आली की एवढी बेफिकिरी! मूळ फाइलला हात लावू नका. पाठवताना मेलमध्ये एन्कोडिंगची एक ओळ लिहा. आणि कळत नसेल तर सेव्ह दाबण्याआधी विचारा, गाढवांनो.