जायंट्स का नाही, ते सांगते

परवा हळदीकुंकवाला एका मैत्रिणीने सहज विचारलं, "अगं, तुझी ती ए'ज टीम गेली ना ओकलंड सोडून, मग आता जायंट्स का?" ए'ज म्हणजे ओकलंड अ‍ॅथलेटिक्स, माझी बेसबॉल टीम, आणि जायंट्स म्हणजे खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्कोची टीम. तिथे मी हसून विषय बदलला, पण घरी आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहितेय. लांब झालंय, सवडीने वाचा.

मी 2002 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात, ओकलंडजवळच्या फ्रीमाँटला आले. एच-फोर व्हिसा, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही, गाडी येत नव्हती, नवरा सकाळी आठला बाहेर पडायचा तो रात्रीच परत. घरात आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेला एक रेडिओ होता आणि त्यावर संध्याकाळी बेसबॉल लागायचं. बिल किंग नावाचे कॉमेंटेटर, 1981 पासून ए'जचा आवाज तेच, काही भारी झालं की "होली टोलीडो!" म्हणून ओरडायचे. मला नियम शून्य माहिती. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि दुसरीकडे हे ऐकायचं, तीन स्ट्राइक झाले की आउट, चार बॉल बाहेरून गेले की बॅटर चालत पहिल्या बेसवर, तीन आउट झाले की दुसऱ्या टीमची पाळी, हे सगळं मी मॅच एकदाही न बघता त्यांच्या आवाजावर शिकले.

आणि नेमकी त्याच महिन्यात टीम जिंकायला लागली ती थांबेचना! 13 ऑगस्टपासून सलग 19 मॅच. 4 सप्टेंबरला विसावी, समोर कॅन्सस सिटी, आपण 11-0 पुढे, मी निवांत पोळ्या लाटायला घेतल्या आणि बघता बघता 11-11. पोळपाट तसाच. मग नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये स्कॉट हॅटेबर्ग बदली बॅटर म्हणून आला आणि त्याने होमरन मारला, म्हणजे आपल्या सिक्सरसारखा बॉल थेट बाहेर, आणि मॅच जिंकलो. मी एकटी किचनमध्ये ओरडले. या देशात आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने काही बोलले असेन तर ते तेव्हा.

पुढच्या सीझनपासून स्टेडियमला जायला लागलो. फ्रीमाँटहून बार्ट, म्हणजे इथली लोकल, पकडायची, कोलिझियम स्टेशनला उतरायचं की पादचारी पूल थेट स्टेडियमपर्यंत. पुलावर शेंगदाणे, पाणी, टोप्या विकणारे. आत राइट फील्डच्या स्वस्त बाकांवर ढोल वाजायचे, खरेखुरे ढोल, मॅचभर. माझी आई नाशिकहून आली होती तेव्हा तिला नेलं तर तिला खेळातलं काही कळलं नाही पण ढोल ऐकून म्हणाली, इथे बरं वाटतंय गं. स्टेडियम जुनं होतं हे मान्यच, 2013 मध्ये तर ड्रेनेजचं पाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं होतं. पण आजूबाजूला कोण बसायचं ते बघा, बंदरावर काम करणारे, नर्स, शाळेतले शिक्षक, मेक्सिकन कुटुंबं तीन पिढ्यांसकट, सगळे एकमेकांना नावाने ओळखणारे. मला तिथे कुणी कधी "तू कुठली" असं विचारलं नाही, विचारलं ते "पिचर (म्हणजे बॉल टाकणारा) बदलायला हवा होता का नाही".

मधे 2006 मध्ये नवीन स्टेडियम आमच्या फ्रीमाँटलाच बांधायचं ठरत होतं. मी किती खूश! 2009 मध्ये तो बेत बारगळला. मग सॅन होजे, मग ओकलंडचं बंदर, दरवेळी आशा लावायची आणि मग काहीच नाही.

आपल्याकडच्यांना हे पटकन कळत नाही. मुंबईचा रणजी संघ कुणी मालक उठून इंदूरला नेऊ शकत नाही. इथे नेऊ शकतो, कारण टीम ही मालकाची मालमत्ता. हीच टीम 1901 मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाली, 1955 मध्ये कॅन्सस सिटीला गेली, 1968 मध्ये ओकलंडला आली. ओकलंडमध्ये चार वर्ल्ड सिरीज जिंकली, 1972, 73, 74 आणि 89.

"लोक मॅचला यायचेच नाहीत, म्हणून गेली" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. 1990 मध्ये वर्षभरात 29 लाख लोक आले होते! 2022 च्या सीझनआधी ऑल्सन, चॅपमन, मनाया, बॅसिट हे आमचे चांगले खेळाडू सगळे एकापाठोपाठ दुसऱ्या टीम्सना देऊन टाकले, मग लोकांनी कुणाला बघायला यायचं? आणि तरी आले. 13 जून 2023, लोकांनी ठरवून केलेला उलटा बहिष्कार, म्हणजे घरी न बसता मुद्दाम यायचं आणि दाखवून द्यायचं. त्या वर्षी टीम 112 मॅच हरली पण त्या मंगळवारी 27,759 लोक होते. हिरवे टी-शर्ट, त्यावर एकच शब्द, "सेल", म्हणजे टीम विका. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला सगळं स्टेडियम ठरवून गप्प बसलं आणि मग एकदम जो आवाज उठला तो मी जन्मात विसरणार नाही. मॅच जिंकलो, 2-1. दोन दिवसांनी नेवाडात, मालकाला टीम जिथे न्यायची होती त्या लास वेगासच्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलर सरकारी पैसे देण्याच्या कायद्यावर सही झाली.

शेवटची मॅच 26 सप्टेंबर 2024. लेकीला कॉलेजमधून बोलावून घेतलं. राष्ट्रगीत बॅरी झिटोने म्हटलं, माझ्या 2002 च्या रेडिओतला पिचर झिटो. मानाचा पहिला बॉल टाकायला टीमचे जुने खेळाडू डेव्ह स्टुअर्ट आणि रिकी हेंडरसन, ओकलंडच्या गल्ल्यांत वाढलेला रिकी, 1,406 बेस चोरलेला, म्हणजे पिचरला चकवून पुढच्या बेसवर पळालेला. तीन महिन्यांनी रिकीही वारला. 46,889 लोक होतो, 3-2 जिंकलो, आणि मॅच संपल्यावर कुणी जागचं हलेना.

तर जायंट्स का नाही. जायंट्स चांगली टीम आहे, त्यांचं स्टेडियम पाण्याकाठी आहे, सुंदर आहे. पण मी एकटी होते तेव्हा त्या रेडिओवर जायंट्स नव्हते गं.

आणि आता लास वेगासचं स्टेडियम होईपर्यंत जी टीम सॅक्रामेंटोत खेळते, नावापुढे शहर न लावता नुसतीच अ‍ॅथलेटिक्स, तिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. 2025 च्या जुलैत निक कर्ट्झ या पहिल्याच वर्षाच्या पोराने ह्यूस्टनमध्ये एका मॅचमध्ये चार होमरन मारले, सहापैकी सहा हिट. लेकीचा मेसेज आला, "आई बघतेयस का??" बघत होते. चौथ्याला टाळ्या वाजवल्या मी, आणि मग टीव्ही बंद करून बराच वेळ तशीच बसून राहिले. त्या पोराचा काय दोष.