पार्टिशन आधी पुसायचे की आधी वाचायचे?

बोर्डावर यू-बूट हा बूटलोडर (कर्नल चढवणारा प्रोग्रॅम) येतो, लिनक्स कर्नलही चढतो, पण रूट फाइलसिस्टिम (रूटएफएस) जोडताना यूबीआय, म्हणजे फ्लॅशचे ब्लॉक सांभाळणारा कर्नलचा थर, हात टेकतो. अशा वेळी नँड फ्लॅश या साठवणीच्या चिपवरचे ते पार्टिशन (तिचा वेगळा राखलेला भाग) सरळ पुसावे की आधी बिघाड शोधावा, यावरून कट्ट्यावर काल चांगलीच जुंपली.

"फ्लॅश_इरेज ही आज्ञा चालव, पुढे शून्य शून्य दे, सगळे पार्टिशन कोरे होईल," असे उत्पादन विभागातल्या मित्राचे म्हणणे होते. ड्रायव्हर लिहिणाऱ्या मैत्रिणीला ते मुळीच पटले नाही. "अरे, आधी /प्रॉक/एमटीडी ही कर्नलची पार्टिशन-यादी तरी उघडून बघ. यू-बूटमधली मांडणी आणि कर्नलमधली मांडणी जुळत नसेल, तर रूटएफएस समजून तू बूटलोडरचे एन्व्हायर्नमेंटच, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच, पुसशील. शिवाय इमेज यू-बूटने एका ईसीसी (वाचनातल्या चुका शोधून दुरुस्त करणाऱ्या कोडच्या) पद्धतीने लिहिली आणि कर्नल ती दुसऱ्या पद्धतीने वाचू लागला, तर चांगली पानेसुद्धा (फ्लॅशवर एका वेळी लिहिले जाणारे तुकडे) खराब दिसतात. तिथे पुसून काय साधणार?"

माझ्या मते तिचा खरा मुद्दा पुढचा होता. नँडमध्ये लिहिताना १ चा ० होतो, पण ० चा पुन्हा १ करायचा तर अनेक पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. २ किलोबाइटची पाने असलेल्या अनेक चिपांत हा ब्लॉक १२८ किलोबाइटचा असतो. कोणता ब्लॉक किती वेळा पुसला गेला, याची नोंद यूबीआय त्या ब्लॉकच्याच सुरुवातीला ठेवतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटतो. फ्लॅश_इरेज ती नोंदही पुसतो, तर यूबीआयफॉर्मॅट हा यूबीआयसाठी पार्टिशन तयार करणारा प्रोग्रॅम ती वाचून, एकाने वाढवून परत लिहितो.

इतक्यात तिसऱ्याने यू-बूटच्या 'नँड स्क्रब'चे नाव काढले, आणि त्याला मात्र सगळ्यांनीच विरोध केला. कारखान्यातून खराब म्हणून खूण करून आलेल्या ब्लॉकच्या खुणाही स्क्रब पुसून टाकतो, आणि त्या परत मिळवण्याचा खात्रीचा मार्ग नाही. चालू बोर्डावर ही आज्ञा कोणीही देऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

"पण नव्या कोऱ्या बोर्डावर जपायला नोंदीच नसतात, तिथे फ्लॅश_इरेज आणि इमेज लिहिणारा नँडराइट पुरे," मित्राने शेवटी मुद्दा काढला. "नाही पुरत," ती म्हणाली. "ब्लॉकच्या शेवटची नुसती एफएफ (सगळे बिट १) भरलेली पाने यूबीआयफॉर्मॅट वगळतो. नँडराइट तीही ईसीसीसकट लिहून बसतो आणि पुढे यूबीआयवर चालणाऱ्या यूबीआयएफएस फाइलसिस्टिमने त्याच पानावर माहिती लिहिली, की वाचताना ईसीसीच्या चुका येतात."