वसई एका शपथेवर पडली नाही

मे महिना आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. यंदा तो मला तीन वेगवेगळ्या गटांतून आला. त्याचा आशय असा: पोर्तुगीजांच्या ताब्यातला वसईचा किल्ला हाती येत नाही म्हणून थोरल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा संतापले, "निदान माझं डोकं तरी तोफेत घालून किल्ल्यात टाका" असं म्हणाले, ते ऐकून फौज पेटली आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. फिरंगी आधीच गर्भगळीत झाले होते, आतला एकही जिवंत सुटला नाही आणि कोकणातून पोर्तुगीज कायमचे गेले.

ते वाक्य अप्पांनी उच्चारलं की नाही, यावर मी वाद घालत नाही. उच्चारलं असं धरून चालू. माझी तक्रार त्यापुढच्या "दुसऱ्या दिवशी" या दोन शब्दांवर आहे.

मोहीम १७३७ च्या मार्चअखेर सुरू झाली. ठाणं आणि साष्टी (मुंबईच्या उत्तरेचं बेट) तेव्हाच घेतली, पण वसई हटली नाही. त्या वर्षी शिड्या लावून तट चढण्याचे प्रयत्न झाले आणि माणसं गमावून फसले. म्हणजे निव्वळ आवेशाने चढाई करून पाहिली होती आणि तिचं उत्तरही मिळालं होतं. १७३८ च्या अखेरीस अप्पा पुन्हा कोकणात उतरले ते वेगळा विचार करून. आधी वसईच्या उत्तरेची ठाणी एकेक करून घेतली. केळवे-माहीम घेतलं, तारापूर घेतलं. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर पडले. ते थोरल्या बाजीरावांचे जिवलग होते, फिरत्या मजकुरात मात्र त्यांचं नाव कधीच नसतं. त्याच सुमारास गोव्यातल्या साष्टीत (ठाण्याची साष्टी वेगळी, दोन्हींची गल्लत नेहमी होते) व्यंकटराव घोरपडे आणि दादाजीराव भावे घुसले आणि मडगाव घेतलं. गोव्यालाच धोका आल्यावर तिथला पोर्तुगीज व्हाइसरॉय वसईला कुमक कुठून पाठवणार? समुद्राच्या अंगाने मानाजी आंग्र्यांची गलबतं होती. फेब्रुवारी १७३९ च्या मध्यात प्रत्यक्ष वेढा पडला, तोवर वसई पुष्कळशी एकटी पडली होती.

पुढचे तीन महिने खणण्यात गेले. वसईच्या कोटाला तिन्ही बाजूंनी पाणी आणि दलदल. फौज जाऊ शकेल अशी बाजू एकच, उत्तरेची, आणि तीही वाळूची. तिथून तोफांच्या माऱ्याखाली मोर्चे (खणलेले चर आणि आडोसे) पुढे सरकवत तटाखाली सुरुंग न्यायचे होते. ओल्या वाळूत भुयार धरून ठेवणं काय असतं, हे वसईत विहीर खणलेल्या कुणालाही विचारा. वर मृग तोंडावर आलेला. पाऊस लागला असता तर सगळे मोर्चे पाण्याने भरले असते. तिकडे दिल्लीत नादिरशहा बसला होता आणि उत्तरेसाठी बाजीरावांना हीच फौज हवी होती. अप्पांच्या उतावीळपणामागे ही कारणं होती.

१३ मे रोजी सुरुंग पेटवले. त्यातले काही वेळेवर उडाले. काही मागाहून उडाले आणि खिंडारात शिरलेली आपलीच माणसं दगडांखाली गाडली गेली. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा चढाई झाली आणि सॅन सेबॅस्टियन बुरुजावर पाय रोवला गेला.

आता "गर्भगळीत फिरंगी". किल्लेदार मार्तिन्यो द सिल्व्हेरा वेढ्यातच मारला गेला. त्याच्या जागी आलेल्या काएतानो द सोझा पेरेराने लढाई चालू ठेवली. पैसा संपला तेव्हा देवळांतली चांदी आणि पितळी तोफा गहाण ठेवून मुंबईच्या इंग्रजांकडून कर्ज काढलं. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने आकडे दिले आहेत: आतले मेलेले आणि जखमी मिळून आठशे, मराठ्यांचे पाच हजारांवर. शत्रूला भित्रा ठरवलं की ही पाच हजार माणसं कशापायी कापली गेली, याचं उत्तर देता येत नाही. मला या मजकुरात सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

"एकही सुटला नाही" हे तर सरळ खोटं आहे. १६ मे रोजी तह झाला. किल्ल्यातल्या शिबंदीला, म्हणजे पोर्तुगीज शिपायांना, शस्त्रांसह, नगारे वाजवत, निशाणं घेऊन बाहेर पडण्यासाठी आठ दिवसांची मुदत दिली. रयतेपैकी ज्याला जायचं त्याने मालमत्ता घेऊन जावं, राहील त्याला आपला धर्म पाळता येईल, असं ठरलं. २३ मे रोजी किल्ला रिकामा झाला. इतकी माणसं गमावल्यावर फौजेला आवरून अप्पांनी हा शब्द पाळला, आणि आपणच त्यांच्या नावावर कत्तल लिहितो.

तारखांवरूनही दरवर्षी भांडण होतं. इंग्रजी कागदांत १६ मेच्या जागी ५ मे आणि २३ मेच्या जागी १२ मे सापडतात. इंग्रज तेव्हा जुनं (ज्युलियन) पंचांग पाळत, पोर्तुगीज नवं (ग्रेगोरियन). फरक अकरा दिवसांचा. दोन्ही तारखा बरोबर आहेत.

राहिलं "कायमचे गेले". उत्तर कोकणातलं त्यांचं राज्य संपलं हे खरं. चौल आणि कोर्लई १७४० मध्ये सुटली. पण दमण त्यांच्याकडेच राहिलं, आणि गोवा सुटायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर शपथेचं वाक्य राहू द्या, हवं तर. फक्त त्याखाली तारापूर, मडगाव आणि वाळूतले ते सुरुंग लिहा, आणि १६ मेच्या तहाची कलमंही.