वय एकोणीस, म्हणून इन्शुरन्स नऊ हजार सहाशे चाळीस?

काल शनिवारी धाकट्या भावाची पहिली दुचाकी घ्यायला शोरूमला गेलो आणि तेव्हापासून माझं डोकं तापलंय ते तापलेलंच आहे. रात्री जेवताना आई दोनदा म्हणाली, "गाडी आली ना घरी? मग पुरे आता." आली गाडी. पण जे ऐकवलं गेलं ते घशाखाली उतरत नाही.

"ताई, दादाचं वय एकोणीस आहे ना, पहिलीच गाडी आहे. नवीन रायडरला इन्शुरन्स जास्तच बसतो."

धडधडीत खोटं. शोरूमच्या सेल्सवाल्या मुलाने समोर बसून, डोळ्यांत डोळे घालून बोललेलं खोटं.

धाकटा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी सहा ते दहा मेडिकलच्या दुकानात उभा राहतो. पावणेदोन वर्षं साठवून डाऊन पेमेंटचे बत्तीस हजार जमवले त्याने. एकशे पंचवीस सीसीची साधी गाडी, कॉलेज आणि दुकान एवढ्यापुरती. हे वाक्य ऐकल्यावर त्याला वाटलं की आपलंच काहीतरी चुकतंय. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "ताई, मग तुझ्या नावावर घेऊया का?" स्वतःच्या घामाच्या पैशाच्या गाडीवर स्वतःचं नाव लावायचं की नाही, असा प्रश्न पडायला लावला त्या माणसाने माझ्या भावाला. हे मी विसरणार नाही.

थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईच्या इन्शुरन्सचा, दर सरकार ठरवतं, शोरूम नाही. १ जून २०२२ पासून जो तक्ता लागू झाला त्यात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, आणि नवीन गाडीला पाच वर्षांचे एकदम ३,८५१. दीडशेच्या वर साडेतीनशे सीसीपर्यंत हेच पाच वर्षांचे ७,३६५. त्याच्याही वरच्या गाड्यांना १५,११७. चालवणारा एकोणीसचा असो की एकोणसत्तरचा, तक्त्यात वयाचा रकानाच नाही. सीसी बघतात, बास. राहिला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज. तिथे कंपन्यांना दर कमी-जास्त करता येतो, म्हणून मी तिथेच खुर्चीत बसून फोनवर चार ठिकाणचे भाव काढले. चारही ठिकाणी भाव आधी आला आणि जन्मतारीख नंतर विचारली. हे त्या सेल्सवाल्या मुलाला स्क्रीन फिरवून दाखवलं. तो म्हणाला, "ऑनलाइनचं वेगळं असतं."

काय वेगळं असतं? मी त्याच्याकडे तुकडे मागितले. 'ऑन रोड' असा एकच गोल आकडा लिहायचा आणि तो व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहायचा, या पद्धतीची मला मनापासून चीड आहे. गिऱ्हाईक लाखभर रुपये देतंय, त्याला एक धड कागद देता येत नाही? दहा मिनिटं घासाघीस केल्यावर तुकडे मिळाले. थर्ड पार्टी ३,८५१. ओन डॅमेज १,४५०. झिरो डेप, म्हणजे क्लेमच्या वेळी पार्टच्या जुनेपणाचे पैसे कापले जाऊ नयेत म्हणून घ्यायचं जादा कव्हर, ६२०. पर्सनल ॲक्सिडेंट, म्हणजे गाडीच्या मालकाच्या स्वतःच्या अपघाताचा, पाच वर्षांचा १,५००. आणि इंजिन प्रोटेक्ट, कन्झ्युमेबल्स, रोडसाइड असिस्टन्स वगैरे जादा कव्हर मिळून ७४८. वर अठरा टक्के जीएसटी. झाले नऊ हजार सहाशे चाळीस.

माझ्या फोनवर तीच गाडी, तीच आयडीव्ही (इन्शुरन्ससाठी धरलेली गाडीची किंमत), झिरो डेप धरून, पर्सनल ॲक्सिडेंट एका वर्षाचा, जीएसटीसकट सहा हजार दहा. ओन डॅमेज ५६० रुपये. इकडे १,४५०. थर्ड पार्टी दोन्हीकडे तोच, कारण त्याला हात लावता येत नाही. ज्याला हात लावता येतो तिथे मात्र कोपरापर्यंत हात घातलेला. साडेतीन हजारांचा फरक आहे हा. दुकानात चार तास उभं राहून त्याला दिवसाचे किती मिळतात ते मला माहीत आहे, म्हणून सांगते, ही त्याची दोन आठवड्यांची मजुरी आहे.

मी म्हटलं, ठीक आहे, आम्ही पॉलिसी बाहेरून घेतो. इंजिन नंबर आणि चासी नंबर द्या.

इथून पुढचा पाऊण तास कसा गेला ते नीट लिहून ठेवते.

आधी म्हणाला, नंबर फुल पेमेंट झाल्यावरच मिळतो. मग म्हणाला, बाहेरची पॉलिसी आरटीओत चालत नाही, पासिंग अडकेल. मग म्हणाला, चालते, पण कॅशलेस मिळणार नाही. मग म्हणाला, मिळेल, पण डिलिव्हरी आज नाही, आठ दिवसांनी. प्रत्येक वेळी उठून आत जायचा, बाहेर यायचा आणि नवीन कारण सांगायचा. मी प्रत्येक वेळी एकच म्हटलं, "हे मला लेटरहेडवर लिहून द्या." गाडी विकणाऱ्याने विशिष्ट इन्शुरन्सची सक्ती करायची नाही, कंपनी निवडायचा हक्क गिऱ्हाईकाचा आहे, हे नियम २०१७ पासून आहेत. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या इर्डाने केलेत. शोरूमवाल्यांना ते माझ्यापेक्षा चांगले पाठ असणार, म्हणूनच लिहून द्यायला कुणी तयार होत नाही.

आणि मग, भाऊ शेजारी बसलेला असताना, आजूबाजूच्या तीन टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात तो मुलगा बोलला.

"ताई, दोन-तीन हजाराचा एवढा विचार करायचा असेल तर सेकंड हँड बघा ना."

धाकट्याची मान खाली गेली. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघाला होता. आईने हार करून दिला होता, पिशवीत नारळ होता. त्या पिशवीचे बंद तो बोटाला गुंडाळत बसला आणि म्हणाला, "ताई, घेऊन टाक ना इथलंच. मी पुढच्या महिन्यात देतो तुला."

तिथे माझा आवाज चढला. चढला, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. दोन-तीन हजारांचा विचार करणाऱ्या माणसाला लाज वाटायला लावायची आणि त्याच लाजेतून दोन-तीन हजार काढून घ्यायचे, हाच इथला धंदा आहे. पहिल्यांदा गाडी घेणारं पोर यांना कळतं. त्याला काही माहीत नसतं, त्याला गाडी आजच हवी असते आणि चारचौघांत घासाघीस करायला तो लाजतो. वयामुळे इन्शुरन्स महाग होतो असं तो मुलगा म्हणाला ते एका अर्थी खरंच आहे. वय बघून ते लुटतात.

चौकात पोलिसाने धरलं आणि इन्शुरन्स नसला तर याच पोराला पहिल्या खेपेला दोन हजार दंड, पुन्हा सापडला तर चार हजार. तिथे कायदा लगेच हजर. इथे, काचेच्या दाराआड, कोण येतो बघायला?

पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यायचा हा नियम मला चुकीचा वाटत नाही, हेही सांगते. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे तो १ सप्टेंबर २०१८ पासून आला. बरेच लोक पहिल्या वर्षानंतर इन्शुरन्स भरतच नव्हते, आणि अशा गाडीने कुणाला उडवलं तर त्या माणसाच्या घरच्यांनी कुणाकडे बघायचं? नियम बरोबर आहे. पण पाच वर्षांचे पैसे एकाच दिवशी काढावे लागतात, तोही डाऊन पेमेंटचा दिवस, आणि नेमकी त्याच बिलात बाकीची भर घुसडतात. कुणी विचारलं की एकच उत्तर, "पाच वर्षांचा कंपल्सरी आहे ताई." कंपल्सरी थर्ड पार्टी आहे. पर्सनल ॲक्सिडेंट एका वर्षाचा घेता येतो. झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट यातलं काहीही कंपल्सरी नाही.

आणि हे "पाच वर्षांचा इन्शुरन्स" म्हणणं तर मला ऐकवतच नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाची गाडी चौदाव्या महिन्यात पार्किंगमधून चोरीला गेली. पावतीवर ठळक अक्षरात 'इन्शुरन्स ५ वर्षे' लिहिलेलं. पोरगा निर्धास्त. क्लेमला गेल्यावर कळलं की पाच वर्षं फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान. स्वतःच्या गाडीचा, चोरीचा भाग एकच वर्ष होता, तो दोन महिन्यांपूर्वी संपला होता. गाडी गेली आणि हप्ते मात्र अजून भरतोय. विकताना एक वाक्य सांगायला काय जात होतं? "दादा, पुढच्या वर्षी ओन डॅमेज रिन्यू करा." एवढंच.

मामेभावाचं असंच. खडीवरून घसरला, पायात रॉड घातला, मामाने हॉस्पिटलच्या काउंटरवर अभिमानाने सांगितलं, "गाडीचा फुल इन्शुरन्स आहे आमचा." तो पंधरा लाखांचा पर्सनल ॲक्सिडेंट मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला असतो. मोडलेल्या हाडाच्या बिलाला त्यातला एक रुपया येत नाही. त्यातून गाडी मामाच्या नावावर. तो कव्हर आरसीवर ज्याचं नाव त्याचाच, तेही तो स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तर. पोरगा चालवतो, कव्हर बापाला. घरोघरी गाड्या बापाच्या नावावर असतात, कारण लोन बापाच्या नावावर मिळतं, आणि पैसे घेताना एकही माणूस हे सांगत नाही. म्हणूनच काल धाकटा "तुझ्या नावावर घेऊया का" म्हणाला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. माझ्या नावावर घेतली असती तर ते पंधरा लाख त्याच्यासाठी नव्हतेच.

माझ्या स्कूटरच्या क्लेमचंही आठवलं मग. पुढचं पॅनेल आणि मडगार्ड फुटलं होतं. प्लास्टिक म्हणून निम्मे पैसे कापले, आणि वर साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गेला तो गेलाच. जाहिरातीत पन्नास टक्के बोनस म्हणून ओरडतात. तो ओन डॅमेजवर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही, आणि पन्नास टक्क्यांवर पोचायला पाच वर्षं एकही क्लेम न करता काढावी लागतात. पहिल्या गाडीवाल्याला तर तो शून्यच. पाचशे साठ रुपयांचे पुढे कधीतरी अर्धे होणार, हे आमिष.

हेल्मेट राहिलंच. दुचाकी विकताना हेल्मेट द्यायचं असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम आहे. आमच्या बिलात हेल्मेटचे वेगळे पैसे लावलेले. ज्या पोराच्या काळजीपोटी इंजिन प्रोटेक्ट घ्यायला लावत होते, त्याच्या डोक्याची काळजी मात्र विकत.

शेवटी मॅनेजर आला. मी फोन टेबलावर ठेवून सांगितलं की इर्डाच्या बीमा भरोसा या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रारीचा मजकूर लिहून तयार आहे, चासी नंबर द्या नाहीतर पाठवते. दोन मिनिटांत चिठ्ठीवर नंबर आला. पॉलिसी तिथल्याच सोफ्यावर बसून काढली, सहा मिनिटांत, सहा हजार दहा रुपये. पीडीएफ त्यांना पाठवली, त्यांनी काही न बोलता लावून घेतली. आरटीओत चालत नाही म्हणणारी पॉलिसी चालली. आठ दिवसांची डिलिव्हरी त्याच संध्याकाळी झाली. फक्त बिलातून 'फेस्टिव्ह डिस्काउंट' म्हणून दिलेले दीड हजार काढून घेतले. कारण विचारलं तर, "ते इन्शुरन्ससोबतचं होतं मॅडम." ताईची एकदम मॅडम झाले. म्हणजे वाचले ते दोन हजार एकशे तीस. त्या दीड हजारांची तक्रार मी आज सकाळी टाकली आहे आणि सोडणार नाही.

पण मला झोप लागली नाही ती या पैशांमुळे नाही. आमच्या शेजारच्या टेबलावर एक काका बसले होते, पांढरी टोपी, शेजारी मुलगा, आमच्या धाकट्याच्याच वयाचा. त्यांच्यासमोर तोच कागद, तोच आकडा, नऊ हजार सहाशे चाळीस. मी उठून त्यांच्याकडे गेले, सगळं समजावलं, फोनवर दाखवलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पावती घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "जाऊ दे ताई, पोराचा दिवस आहे, वाद नको."

मी विचारलं, गाडी कुणाच्या नावावर घेताय?

"माझ्याच. कर्ज माझ्या नावावर हाय ना."

लायसन्स आहे का तुमच्याकडे?

काका हसले. "मला कुठं चालवता येती? मी सायकलवाला माणूस."

त्यांच्या पावतीवर, वरून चौथ्या ओळीत, मालक-चालकाचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर, पाच वर्षं, १,५०० रुपये.