शिरां पडो त्या सीटपोस्टच्या कॅरिअरवर

करमल घाटात काल परत तेच. काणकोणच्या बाजूला उतरताना सायकलचं मागचं कॅरिअर डावीकडे फिरलं ते फिरलंच, बॅग स्पोकला घासायला लागली आणि मागे ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, नुसता एक क्लॅम्प, खाली पाय नाहीत, सगळा भार त्यावर, मग ते फिरणारच ना! कितीही आवळा, एक खड्डा आला की वाकडं. घेताना मी दुकानात स्पष्ट विचारलं होतं, तंबू, कपडे, भांडी, पंक्चर किट सगळं जाईल का, तर म्हणे "बिनधास्त न्या, पंधरा किलो आरामात." आणि काल कडेला बसून क्लॅम्प सोडवला तर त्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात छापलंय, कमाल ९ किलो. डोकंच फिरलं माझं.

मी मागितलं होतं ते चाकाच्या एक्सलजवळ बोल्टने बसणारं पायवालं कॅरिअर. तर दुकानदार म्हणे, "डिस्क ब्रेकला अडकतं, बसत नाही." का नाही बसत? मध्ये अंतर ठेवणारा एक स्पेसर आणि थोडा लांब ५ एमएमचा बोल्ट घातला की ब्रेकचा कॅलिपर सोडून पाय बाहेर जातो, पण ते करायला पाना हातात घ्यावा लागतो ना! कंपन्या तर त्याहून वरचढ, सायकलला टूरिंग म्हणून विकायचं आणि फ्रेमला कॅरिअरसाठी एक भोक ठेवायचं नाही.

त्यात सल्ले देणारे. "सॅक घे पाठीवर." मे महिन्यात गोव्यात पाठीवर दहा किलो घेऊन चोर्ला घाट चढून दाखवा, मग बोला. सगळं वजन सीटवर येतं, मनगटं बधिर, शर्ट पाठीला चिकटलेला. दुसरे ते सीटमागच्या लांब बॅगेवाले, उभं राहून पेडल मारलं की ती शेपटीसारखी हलते आणि रेनकोट हमखास तळाला, म्हणजे भर पावसात बाकीचं सगळं रस्त्यावर काढा. चेनवाल्या बॅगेला वॉटरप्रूफ म्हणून विकणाऱ्यांना तर जुलैत सत्तरी तालुक्यात न्यायला हवं, तोंड गुंडाळून बंद करायची बॅग सोडली तर तिथे काही कोरडं राहत नाही. आणि घरचे, "एवढं सामान तर गाडी ने की रे!"

दोन पॅनियर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूंना लटकणाऱ्या बॅगा, दोन्ही बाजूंना सारखं वजन, जड सामान खाली, टाच लागणार नाही इतकी मागे. एवढंच पाहिजे रे. आता कॅरिअर बाहेरून मागवतोय, बसवणारही मीच. आणि तो क्लॅम्प सोमवारी त्या दुकानदाराच्या काउंटरवर ठेवणार, ती ९ किलोवाली बाजू वर करून, पैसे परत मिळेपर्यंत तिथून हलणार नाही.