कडबा न मोजणाऱ्यांचा हिशेब

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. सार असं: 'सोलापूरकडचा छोटा शेतकरी अजून आजोबांचीच मालदांडी ज्वारी पेरतो, कारण त्याला नवं नकोच असतं. सुधारित, संकरित बियाणं घेतलं तर उत्पन्न दुप्पट होईल.' आमच्या गावच्या ग्रुपवर तो तीनदा आला. तिसऱ्यांदा त्याला पसंतीचा अंगठाही मिळाला, म्हणून हे लिहितोय.

'आजोबांची मालदांडी.' ही मालदांडी म्हणजे एम ३५-१ हे ज्वारीचं वाण. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडून काढलेली. म्हणजे जिला जुनाट ठरवलंय, तीच एकेकाळी सरकारी सुधारित वाण होती आणि याच 'नवं नको' म्हणणाऱ्यांच्या वाडवडिलांनी ती रानात आणली. पुढे १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. खरिपात महाराष्ट्राने संकरित ज्वारी भरभरून पेरली. भाकरीला चव कमी, काढणीला पाऊस गाठला की दाणा काळा, तरी पेरली. परवडत होतं म्हणून.

'उत्पन्न दुप्पट.' कशाचं? दाण्याचं. आख्ख्या मजकुरात कडबा, म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं, हा शब्द नाही! ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत त्याला ज्वारी म्हणजे निम्मं वैरणीचंच पीक. ताट बुटकं निघालं की उन्हाळ्यात पेंड्या विकत घ्याव्या लागतात आणि दाण्याचे जास्तीचे पैसे तिथंच जिरतात. मालदांडीचा कडबा उंच, जनावरं चवीनं खातात. दाणा मोत्यासारखा, त्यामुळे बाजारात गिऱ्हाईक असतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. शिवाय इथली रब्बी ज्वारी बहुतेक जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. वर पाणी मिळेलच असं धरून कुणी पेरत नाही.

'सुधारित, संकरित' हे एका दमात म्हणणाऱ्याने बियाणं विकत घेतलेलं नसावं. संकरिताचं बी दरवर्षी दुकानातून आणावं लागतं. सुधारित सरळ वाणाचं बी निवडून, वाळवून घरचंच पुढं पेरता येतं.

एक गोष्ट मात्र मान्य. हलक्या रानात मालदांडीच धरून बसणं तोट्याचं आहे. तिथं राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले अनुराधा किंवा फुले माऊली बरी. भारी काळ्या रानात फुले वसुधा, फुले रेवती. पण हे शेतकऱ्याला मजकूर लिहिणाऱ्याने सांगायची गरज नाही. आमच्याकडे एकाच घरच्या माळावर अनुराधा असते, मधल्या रानात मालदांडी, आणि बांधाकडेला चार ओळी गुळभेंडी ज्वारी. ती हुरड्याची. तिचा उतारा कुणी काढत नाही, पोरं पिकू देतील तर ना.