कोर्टाबाहेर राहिलेल्यांची मोजदाद

कोर्टापर्यंत न पोचलेल्या लोकांच्या कायदेशीर गरजाही पाहणी करून मोजायला हव्यात, या माझ्या म्हणण्यावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. तुमचा आक्षेप असा : थकलेला पगार, अडवून ठेवलेली अनामत रक्कम, नात्यातला वारसाहक्काचा वाद या रोजच्या कटकटींना मी ‘कायदेशीर गरज’ म्हणतो, पण त्या माणसालाच तसं वाटत नसेल तर ती गरज कसली? त्यापेक्षा न्यायाधीश वाढवा, तुंबलेले खटले निकाली काढा.

न्यायाधीश वाढायलाच हवेत. पण खटल्यांच्या आकड्यांत फक्त कोर्टाची पायरी चढलेले लोक दिसतात. वर्ल्ड जस्टिस प्रोजेक्ट या न्यायव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये १०१ देशांतल्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. मागच्या दोन वर्षांत ४९ टक्के लोकांपुढे कायद्याशी संबंध असलेली एखादी तरी अडचण आली होती. त्यांपैकी २९ टक्क्यांनी कुणाचा तरी सल्ला घेतला, तोही बऱ्याचदा घरच्यांचा किंवा मित्रांचा. निवाड्यासाठी किंवा मध्यस्थीसाठी कुणाकडे गेले ते अवघे १७ टक्के. उरलेल्यांची नोंद कुठल्याच कोर्टाच्या दप्तरात सापडणार नाही.

‘लोकांना तसं वाटत नाही’ हे तुमचं निरीक्षण मात्र अगदी खरं आहे, आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हेच. समाजशास्त्रज्ञ रिबेका सँडफर यांना अमेरिकेतल्या त्यांच्या अभ्यासात असे कितीतरी लोक भेटले, जे आपल्या अडचणीला नशीब म्हणत होते किंवा देवाची इच्छा. नशीबच म्हटल्यावर माणूस दाद मागायला जाईल कशाला? म्हणून अशा पाहण्यांत ‘तुमची कायदेशीर समस्या कोणती’ असं विचारत नाहीत. पगार वेळेवर मिळाला का, घर सोडायला कुणी भाग पाडलं का, असं साध्या शब्दांत विचारतात. कायद्याच्या अभ्यासक हेझल जेन यांच्या इंग्लंड-वेल्समधल्या १९९९ च्या अभ्यासाची कसोटीही हीच होती : प्रश्नाला कायद्याची बाजू आहे ना, मग ती त्या माणसाला ठाऊक असो वा नसो. आजार ओळखता आला नाही म्हणून तो नाही असं आपण म्हणत नाही. शिवाय ही दुखणी एकेकटी राहत नाहीत. पगार थकतो, त्यामागून भाडं थकतं, मग घर जातं. तोवर दाद मागायची मुदतही कधीकधी उलटून गेलेली असते.

पाहणीत एकच बाजू ऐकू येते, हेही तुमचं म्हणणं मान्य. पण पाहणी काही निवाडा करत नाही. ज्याची बाजू लंगडी आहे त्यालाही ते वेळेत सांगणारं कुणीतरी हवंच असतं. भांडण तिथेच मिटू शकतं.

राहिली तुमची शेवटची शंका, की यातून प्रत्येक कुरबूर कोर्टात ढकलली जाईल. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत १६.३.३ हा निर्देशक आला. वाद झालेल्यांपैकी किती जण तो सोडवणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोचले, हे तो मोजतो. त्या यंत्रणेत कोर्टाबरोबर अनौपचारिक मार्गही धरले आहेत. आणि ज्यांना कुठे जायची गरजच वाटली नाही, वाद आपसांत मिटला किंवा अगदी किरकोळ होता, त्यांना या हिशेबातून वगळलेलं आहे.